गरोदरपणात व्यसनातून सावरणाऱ्या महिलांसाठीचे गावपातळीवरील कार्यक्रम : मूल्यमापनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात गरोदर महिलांना मिसरी, तंबाखू, शिंदी (शिंदीच्या झाडाचा आंबलेला मादक रस), दारू किंवा झोपेच्या गोळ्यांच्या सवयीतून बाहेर पडण्यासाठी गावातच आधार देणाऱ्या कार्यक्रमांचे मूल्यमापन करताना कार्यकर्ते, वैद्यकीय अधिकारी, बचत गटांच्या प्रमुख आणि निधी देणारे जे प्रश्न वरचेवर विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे सारख्या लांबीची नाहीत. जेथे मूल्यमापनातील चुकीची झळ थेट बाईला लागते, तेथे अधिक सविस्तर लिहिले आहे.

आमच्या गावात तर एकही बाई व्यसनी नाही. मग हा प्रश्न मराठवाड्यात खरोखर आहे का?

असे ज्या गावात सांगितले जाते, त्याच गावात सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास येत असतो. मिसरी म्हणजे काळी होईपर्यंत भाजून वाटलेली तंबाखूच आहे. परंतु पुरुषाच्या दारूला आपण व्यसन म्हणतो आणि बाईच्या मिसरीला दात घासणे म्हणतो, त्यामुळे ती कोणाच्याच मोजणीत येत नाही. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ मधील फेरीत महाराष्ट्रातील १७ टक्के प्रौढ महिला कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यावर तयार होणारी मिसरी मात्र व्यवहारात प्रत्येक बंदीच्या बाहेरच राहते.

दारूचे चित्र वेगळे आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वयोगटात २७.३ टक्के पुरुष आणि १.६ टक्के महिला दारू पितात. महिलांचा आकडा लहान आहे, पण तो लहान असल्यामुळेच पिणारी बाई पूर्ण एकटी पडते. गावातील दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून मतदानात आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, मत देणाऱ्या महिलांमध्ये अशीही एखादी असू शकते, जिला स्वतःच्या पिण्याविषयी कोणाशी बोलावे हे ठाऊक नसते. नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणालगतच्या तालुक्यांत शिंदीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. सीमेपलीकडे शिंदीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम किंवा अल्प्राझोलम मिसळल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत, आणि अशी शिंदी रोज पिणारी बाई प्रत्यक्षात झोपेच्या औषधावर अवलंबून झालेली असू शकते.

किती जणींनी व्यसन सोडले, एवढे मोजले तर पुरणार नाही का?

पुरणार नाही, आणि केवळ हाच आकडा मागितला तर मागणी करणाऱ्याच्याही नकळत कार्यक्रम बिघडतो. ‘या महिन्यात किती जणींनी सोडले’ असे आशाताईला दरमहा विचारले जाऊ लागले, की ज्यांचे सुटणे सोपे आहे अशा, दिवसातून एकदा मिसरी लावणाऱ्या महिलांची नोंद आधी होते आणि जिला सर्वांत जास्त गरज आहे ती नोंदवहीच्या बाहेर राहते. शिवाय ताईचे मन राखण्यासाठी बाई ‘सोडली’ म्हणून सांगते. एकदा तसे सांगितल्यानंतर तलफ आली तरी तिला मदत मागता येत नाही, कारण मदत मागायची तर आधीचे खोटे कबूल करावे लागते. अशा रीतीने कागदावर यशस्वी दिसणारा कार्यक्रम बाईला कार्यक्रम नसता त्याहून अधिक एकटी करून सोडतो.

आमच्या मते अशा कार्यक्रमाचा पहिला परिणाम म्हणजे बाईला न घाबरता खरे सांगता येणे, आणि मूल्यमापनाची सुरुवात तेथूनच व्हावी. नोंदणीच्या वेळी ‘मी काहीच वापरत नाही’ म्हणालेल्या किती जणींनी पुढच्या एखाद्या भेटीत आपणहून वापराविषयी सांगितले, हे पाहावे. गरोदरपणाच्या कितव्या आठवड्यात तिची नोंद झाली, ठरलेल्या तपासण्यांपैकी किती झाल्या, गेल्या सात दिवसांत किती दिवस आणि दिवसातून किती वेळा वापर झाला, याची नोंद ‘सोडले’ किंवा ‘नाही सोडले’ अशा दोन रकान्यांपेक्षा पुष्कळ अधिक सांगते. दिवसातून आठ वेळा मिसरी लावणारी बाई दोन वेळांवर आली, तर दोन रकान्यांच्या नोंदवहीत ती अपयशी ठरते; प्रत्यक्षात तिने मोठा पल्ला गाठलेला असतो आणि उरलेला गाठण्यासाठी तिला आपली गरज असते. तंबाखूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, हे तिला सांगत राहायचेच आहे, पण तिने कमी केलेले मोजायचे नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

आणखी एक निकष सहसा कोणी ठेवत नाही. पुन्हा वापर सुरू झालेल्या महिलांपैकी किती जणी त्यानंतर कार्यकर्तीकडे परत आल्या, हा तो निकष. एकच आकडा निवडण्याची वेळ आली, तर आम्ही हा निवडू.

पहिल्या वर्षी वापर करणाऱ्या महिलांची संख्या वाढलेली दिसते. कार्यक्रम फसला असे समजायचे का?

नाही. बहुतेक वेळा वाढलेला असतो तो विश्वास. पायाभूत, म्हणजे कार्यक्रमाआधीची, पाहणी अनोळखी व्यक्तीने, घरच्यांच्या देखत केलेली असते आणि वर्षानंतरची पाहणी ओळखीच्या वातावरणात होते. अशा दोन आकड्यांची वजाबाकी करणेच चुकीचे आहे. निधी देणाऱ्यांना ही गोष्ट कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच लेखी कळवावी, कारण आकडा वाढल्यानंतर दिलेले स्पष्टीकरण सबबीसारखे वाटते.

बाईला प्रश्न नेमके कसे विचारावेत?

‘तुम्ही तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिसरी लावणारी बाई ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटे बोलत नाही, कारण तिच्या भाषेत मिसरी लावतात, खात नाहीत. म्हणून प्रश्न तिच्या दिवसाच्या क्रमाने विचारावेत. सकाळी उठल्यावर दात कशाने घासता, त्यानंतर दिवसभरात पुन्हा केव्हा लावता, रानात गेल्यावर काय करता, जेवण झाल्यावर पानसुपारी लागते का, रात्री झोप येण्यासाठी काही घेता का, या क्रमाने गेले की तंबाखू, चुना लावून मळलेला बार, सुपारी, गोळ्या आणि शिंदी हे सगळे आपोआप समोर येते. प्रत्येक वस्तूचे गावात चालणारे नाव आधी विचारून घ्यावे.

‘का’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, फक्त तो जाब विचारल्यासारखा येऊ नये. दाढ दुखते म्हणून, पोट साफ होत नाही म्हणून, उलट्या आणि मळमळ थांबते म्हणून, भूक मरते म्हणून, सासूने हातावर ठेवली म्हणून अशी कारणे महिला सांगतात. प्रत्येक कारणाची सोय वेगळी आहे. किडलेल्या दाढेसाठी दंतवैद्य लागतो आणि मळमळीसाठी औषध लागते. भूक मारण्यासाठी मिसरी लावणाऱ्या बाईला समुपदेशनाआधी जेवण लागते. कार्यक्रमाने या कारणांपैकी किती कारणांवर प्रत्यक्ष काही केले, हे मूल्यमापनात आलेच पाहिजे. दाढ तशीच दुखत असताना ‘समुपदेशन पूर्ण’ असा शेरा मारलेली नोंद आम्ही अपूर्ण मानतो.

दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली १० प्रश्नांची ऑडिट प्रश्नावली वापरता येते आणि सर्व प्रकारच्या पदार्थांसाठी त्याच संघटनेची असिस्ट प्रश्नावली आहे. मात्र तयार प्रश्नावली जशीच्या तशी वाचून दाखवू नये. तिचा अनुवाद गावातील चार-पाच महिलांना ऐकवून, त्यांना काय समजले हे त्यांच्याच शब्दांत विचारून मग पक्का करावा. तांड्यावर गोरमाटी (बंजारा बोली), देगलूर-धर्माबादकडे तेलुगू आणि शहरांच्या जुन्या वस्त्यांत दखनी बोलणाऱ्या महिलांसाठी हे काम पुन्हा करावे लागते, आणि त्याचा वेळ व खर्च आधीच धरलेला बरा.

लघवीची तपासणी करून खरे-खोटे ठरवता येणार नाही का?

तंबाखूतील निकोटिनपासून शरीरात तयार होणारे कोटिनिन लघवीत तपासता येते. परंतु त्यावरून फक्त अलीकडच्या काही दिवसांतील वापर कळतो, आणि गरोदरपणात ते शरीराबाहेर टाकण्याचा वेग वाढत असल्याने हा अवधी आणखी कमी होतो. बाईला आधी सांगून, तिची वेगळी संमती घेऊन, लहान गटात ही तपासणी केल्यास तोंडी उत्तरांवर किती भिस्त ठेवावी याचा अंदाज येतो, आणि तेवढ्यापुरतीच ती उपयोगी आहे. एकेका बाईला पकडण्यासाठी ती वापरली, तर दुसऱ्या महिन्यापासून तपासणीलाच बाया येणार नाहीत. रक्तदाब, रक्तातील लोह आणि बाळाची वाढ तपासण्याची संधी त्यासोबतच जाते, आणि हे नुकसान मिसरीच्या नुकसानाहून लहान नाही.

बाळाचे वजन वाढले की कार्यक्रम यशस्वी झाला, असे म्हणता येईल का?

वजन अवश्य नोंदवावे, पण लहान कार्यक्रमाचा निकाल त्यावर लावू नये. मुंबईत १,२१७ महिलांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी असल्याचे आढळले. एवढा फरक दोन गटांत ठामपणे दिसण्यासाठी किती बाळंतपणे लागतील, याचा हिशेब सोपा आहे. बाळांच्या वजनाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, सुमारे ४२० ग्रॅम धरले आणि संख्याशास्त्रातील नेहमीच्या अटी लावल्या, तर प्रत्येक गटात सुमारे २५० बाळंतपणे लागतात; पाचांपैकी एक बाई मध्येच संपर्काबाहेर जाईल असे धरले, तर ३१५. आता ३०,००० लोकसंख्येच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षाला ४५० ते ५०० बाळंतपणे होतात असे मानू. त्यांतील १७ टक्के माता तंबाखू वापरतात असे धरले, तरी अशा माता वर्षाला ८० च्या आसपास भरतील, आणि गरोदरपणाच्या वयातील प्रमाण याहून कमीच असण्याची शक्यता आहे. शिवाय हा सगळा हिशेब कार्यक्रमातील प्रत्येक बाईने पूर्ण सोडले असे गृहीत धरून केलेला आहे. तेव्हा एका केंद्राने एका वर्षात वजनातील फरक ‘सिद्ध’ केल्याचा अहवाल समोर आला, तर तो सावधपणे वाचावा.

दुसरी अडचण पावसाची आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षातील बाळांची चांगल्या पावसाच्या वर्षातील बाळांशी तुलना केली, तर दिसणारा फरक मिसरीचा की दुष्काळाचा, हे कोणालाही सांगता येणार नाही. एकाच गावातील ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांवर मराठवाड्यात विसंबून राहता येत नाही, ते यामुळे.

मग तुलनेसाठी दुसरा गट कोठून आणायचा? मदत न देता नुसती मोजणी करणे योग्य आहे का?

ते योग्य नाही, आणि त्याची गरजही नाही. कार्यक्रम सर्व उपकेंद्रांत एकाच दिवशी सुरू करण्याइतकी माणसे कोणाकडेच नसतात. तेव्हा कोणत्या उपकेंद्रात आधी आणि कोणत्यात नंतर सुरू करायचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. ज्यांची पाळी नंतर येते ती उपकेंद्रे तोपर्यंत तुलनेसाठी उपलब्ध होतात, दोन्हीकडचा पाऊस आणि बाजारभाव सारखाच असतो, आणि कोणालाही कायमचे वगळले जात नाही. तंबाखू सोडण्याचा थोडक्यात सल्ला आणि गंभीर प्रसंगी रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था मात्र पहिल्या दिवसापासून सर्वांना मिळालीच पाहिजे. तुलना होते ती त्यापुढच्या आधाराची, म्हणजे घरभेटी, गटातील बैठका आणि घरच्यांशी बोलणे यांची.

ऊसतोडीला गेलेल्या आणि माहेरी गेलेल्या महिलांच्या नोंदी अर्धवट राहतात. त्या वगळाव्यात का?

वगळू नयेत, मराठवाड्यातील मूल्यमापन सर्वांत जास्त चुकते ते येथेच. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरला जातो, उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते, त्यामुळे दिवस गेलेल्या बाईलाही सोबत जावे लागते. पहाटेच्या आधी सुरू होणाऱ्या कामात झोप उडवायला आणि भूक दाबायला तंबाखू हाताशी असते. म्हणजे जिचा धोका सर्वांत मोठा आहे, तीच पाहणीच्या वेळी गावात नसते. तिला वगळून काढलेली टक्केवारी ही गावात राहू शकणाऱ्या, तुलनेने बऱ्या स्थितीतील महिलांची टक्केवारी असते.

उपाय साधे आहेत, पण ते दसऱ्याच्या आधी करावे लागतात. निघण्याची तारीख, कारखान्याचे ठिकाण, जवळच्या नात्यातील एका बाईचा फोन आणि शासनाच्या माता-बाल नोंदणीतील तिचा क्रमांक लिहून घ्यावा. तो क्रमांक असला की दुसऱ्या जिल्ह्यातही तिची तपासणी पुढे चालू राहू शकते. टोळीच्या मुकादमाकडे तिच्या सवयीविषयी एक शब्दही काढू नये. फोनवर बोलताना आधी ‘आता बोलता येईल का’ असे विचारावे आणि तिने विषय बदलला तर आपणही बदलावा. पाडव्यानंतरची भेट ही तिच्यासाठी मुख्य भेट मानून पाहणीचे वेळापत्रक त्याप्रमाणे आखावे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते म्हणून पाहणी त्याच्या आत उरकू नये.

पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते, ही दुसरी गळती. तेथे तिला विश्रांती मिळते, आणि पुष्कळदा आईच्या हातची मिसरीही मिळते. जाण्यापूर्वी तिची परवानगी घेऊन माहेरच्या गावातील आशाताईशी संपर्क जोडून द्यावा. तिने नको म्हटले तर जोडू नये, आणि तिने नको म्हटले हेही नोंदवावे.

तरीही काही जणी भेटणारच नाहीत. अशा वेळी आकडा दोन प्रकारे द्यावा. समजा १०० जणींची नोंद झाली, ६० भेटल्या आणि त्यांतील ३० जणींनी सोडले. भेटलेल्यांपुरते पाहिले तर हे प्रमाण ५० टक्के आहे, आणि न भेटलेल्या सर्वांचा वापर चालूच आहे असे धरले तर ३० टक्के. अहवालाच्या पहिल्याच पानावर दोन्ही आकडे असावेत.

दारू, शिंदी आणि गोळ्या यांचे मूल्यमापन मिसरीसारखेच करायचे का?

नाही. मिसरी आणि तंबाखू त्याच दिवशी सोडली तर बाईला अस्वस्थता, चिडचिड, डोकेदुखी होईल, पण जिवाला धोका नसतो. बराच काळ रोज दारू पिणाऱ्या बाईने ती अचानक थांबवली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात आणि भ्रमाची गंभीर अवस्था ओढवू शकते. डायझेपाम-अल्प्राझोलमसारखी औषधे, आणि ती मिसळलेली शिंदी, यांच्याबाबतही अचानक थांबवण्याचा धोका असाच आहे. ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागतात. अफूवर्गीय पदार्थांबाबत जागतिक आरोग्य संघटनेचे २०१४ चे मार्गदर्शन असे आहे की, अवलंबून असलेल्या गरोदर बाईला ते एकदम तोडायला न लावता मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधावर स्थिर ठेवावे, आणि जन्मानंतर बाळाला निरीक्षणाखाली ठेवावे.

म्हणून या महिलांसाठी ‘सोडले का’ या प्रश्नाआधी ‘सुरक्षितपणे सोडवले का’ हा प्रश्न येतो. किती जणींना रुग्णालयात पाठवले, त्यांतील किती जणी प्रत्यक्ष पोहोचल्या, किती वेळात पोहोचल्या, आणि तेथून परतल्यावर गावात त्यांच्याकडे कोण गेले, हे तपासावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा संभाजीनगरचे घाटी रुग्णालय येथपर्यंतचे अंतर नकाशावर मोजू नये; बाईला घरातून निघून पोहोचायला लागलेला वेळ मोजावा. उत्साहाच्या भरात गावातच दारू ‘तोडायला लावणारा’ कार्यक्रम असेल, तर मूल्यमापकाने अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी तसे सांगणे त्याचे कर्तव्य आहे.

संमती, गुप्तता आणि कायदा यांबाबत कोणती काळजी घ्यावी?

सासूच्या किंवा नवऱ्याच्या देखत घेतलेली संमती ही संमती नव्हे. उपकेंद्रात, तपासणीच्या पडद्याआड, एकटीला विचारावे, आणि नकार दिला तरी तिच्या तपासण्या, औषधे व शासकीय लाभ यांत काही फरक पडणार नाही हे तिला समजेल अशा शब्दांत सांगावे. माता-बाल संरक्षण कार्डावर व्यसनाचा उल्लेख किंवा लाल खूण कधीही करू नये. ते कार्ड घरातील प्रत्येकाच्या हाती पडते. मूल्यमापनाच्या कागदांवर फक्त सांकेतिक क्रमांक असावा आणि नाव व क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या कुलपात ठेवावी. अहवालात पाचांपेक्षा कमी महिलांचा आकडा गावाच्या किंवा तांड्याच्या नावासह छापू नये, कारण दोनच गरोदर महिला असलेल्या तांड्यात नाव न लिहिताही नाव कळते.

कायदा बाईच्या बाजूने आहे, हे कार्यकर्त्यांना माहीत असावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू होतो आणि उपचारांविषयीच्या गुप्ततेचा हक्क देतो. त्याच कायद्यानुसार मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या बाईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे वेगळे केले जाऊ नये. ‘नाव सांगितले तर बाळ काढून घेतील’ ही भीती अनेकींच्या मनात असते. ही तरतूद त्यांना सांगितली गेली का, हेही तपासण्याजोगे आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचारांसाठी आलेल्या व्यक्तीला, ठरावीक मर्यादेत, खटल्यापासून संरक्षण आहे.

मुलाखती आशाताईंनी घ्याव्यात का?

सेवा देणाऱ्या ताईने स्वतःच्याच कामाची पाहणी करू नये. त्यात तिच्यावर आणि बाईवर, दोघींवर अन्याय होतो. पण अनोळखी शहरी मुलगी टॅबलेट घेऊन दारात उभी राहिली, तर उत्तर मिळते ते दाराबाहेरचेच. शेजारच्या तालुक्यातील, त्याच बोलीत बोलणाऱ्या, प्रशिक्षण घेतलेल्या महिला ही मधली वाट चांगली ठरते. बीडच्या सीमेवरील जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातीलच महिलांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले, तो अनुभव आपल्या शेजारचाच आहे.

पाहणीला येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये शासनाच्या समितीने चौकशी केली, तेव्हा बीड जिल्ह्यातील ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. ज्यांच्या शरीराशी असा व्यवहार झाला आहे, त्यांनी आपल्या प्रश्नांकडे संशयाने पाहिले तर तो त्यांचा अधिकार आहे, आणि त्यांचा विश्वास मिळवण्यासाठी लागणारा वेळ पाहणीच्या वेळापत्रकात धरलेला असावा.

बाळंतपणानंतर किती काळ पाठपुरावा करावा?

किमान एक वर्ष. पोटातील बाळासाठी म्हणून सोडलेली मिसरी बाळ बाहेर आल्यावर, रात्रीची जागरणे आणि अशक्तपणा यांत पुन्हा सुरू होण्याचा धोका मोठा असतो, त्यामुळे बाळंतपणाच्या दिवशी घेतलेली नोंद हा निकाल मानता येत नाही. यासाठी वेगळ्या भेटी उभ्या करण्याची गरज नाही. दवाखान्यात बाळंत झालेल्या मातेकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातेच, आणि त्यानंतर ३, ६, ९, १२ व १५ महिन्यांच्या भेटी ठरलेल्या आहेत. त्यांतल्या तीन-चार भेटींत दोन प्रश्न वाढवले तरी पुरते. सहाव्या आठवड्याच्या भेटीत उदासी ओळखण्यासाठीच्या एडिनबरा मापनाचे १० प्रश्नही विचारावेत, कारण बाळंतपणानंतरची उदासी आणि पुन्हा सुरू झालेला वापर हे पुष्कळदा सोबत असतात. घरातील पुरुषांची बिडी व दारू आणि घरात होणारी मारहाण यांची नोंदही येथेच यावी. मात्र मारहाणीविषयी विचारण्याआधी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाट तयार असावी, नाहीतर विचारू नये.

गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्माला आले, तर ती नोंद कशी करावी?

नोंद अवश्य करावी, कारण अशा घटना गाळल्या की निकाल खोटा ठरतो. परंतु धूरविरहित तंबाखूमुळे मृत जन्माचा धोका वाढतो हे गटांच्या तुलनेतून कळते. एका विशिष्ट बाईचे बाळ मिसरीमुळेच गेले, असे कोणालाही सांगता येत नाही, आणि तसे तिच्या तोंडावर तर कधीच म्हणू नये. पाहणीची भेट काही आठवडे पुढे ढकलावी आणि पहिली भेट प्रश्नावली न घेता, केवळ तिच्याजवळ बसण्यासाठी असावी.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

आशाताईंचा वेळ फुकट धरू नये. घरभेटींचे तास, बाईचा बुडालेला रोज आणि दवाखान्यापर्यंतचे भाडे हिशेबात आले, की ‘स्वस्त’ वाटणारा कार्यक्रम प्रत्यक्षात कोणाच्या खिशातून चालला आहे ते दिसते.

निष्कर्ष आधी कोणाला सांगावेत?

ज्यांनी उत्तरे दिली त्यांना. लेखी अहवाल तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाण्यापूर्वी बचत गटाच्या बैठकीत, कोणाचेही नाव न घेता, काय आढळले ते बोलून सांगावे आणि ‘हे तुम्हाला खरे वाटते का’ असे विचारावे. त्यांनी एखादा निष्कर्ष नाकारला, तर तो नकार अहवालात त्यांच्या कारणासह छापावा. तपासणीला बाया का येत नाहीत याचा उलगडा आकड्यांतून होत नाही तेव्हा या बैठकीत होतो. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानातील गरोदरपणाच्या तपासणीची दर महिन्याची ९ तारीख आणि गावच्या आठवडी बाजाराचा दिवस एकत्र येतात, यासारखे कारणही तेथेच कळते.

पाहणीच्या दरम्यान एखाद्या बाईने मदत मागितली, तर प्रश्नावली पूर्ण करावी का?

प्रश्नावली बाजूला ठेवावी. तंबाखू किंवा मिसरी सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर, दारू व अमली पदार्थांसाठी १४४४६ वर आणि मन खचले असेल तर टेलिमानसच्या १४४१६ वर विनामूल्य बोलता येते. तिच्याकडे फोन नसेल तर आपल्या फोनवरून लावून द्यावा आणि तिला बोलण्यापुरते एकटे सोडावे. ती रोज दारू, शिंदी किंवा गोळ्या घेत असेल, तर ‘आजपासून बंद करा’ असे न सांगता तिला त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात सोबत घेऊन जावे, आणि निघण्यापूर्वी तिने शेवटचे काय, किती आणि केव्हा घेतले ते डॉक्टरांसाठी लिहून घ्यावे.